मुक्तीनंतरची शाळा : हाली, लग्नगडी आणि उचल

गुलामगिरी केव्हा व कोठे नष्ट झाली, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. कायद्याचे साल पाठ करतो, कायदा करणाऱ्याचे नाव लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मुक्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कोठे जातो, काय खातो, त्याची मुले काय करतात, हा प्रश्न मात्र प्रश्नपत्रिकेत येत नाही. वास्तविक मुक्ती खरी की खोटी, याची परीक्षा त्या सकाळपासूनच सुरू होते. मुक्त झालेल्यांसाठी ज्यांनी ज्यांनी शाळा काढल्या, त्यांना या परीक्षेला तोंड द्यावे लागले. त्यांचा अनुभव आपल्या अगदी जवळच्या मुलखात पडून आहे. त्याचा थोडक्यात परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

माझे शालेय वय सुरतेच्या कतारगाम भागात गेले. आज कतारगाम म्हटले की हिऱ्याच्या घंट्या आणि कारखाने डोळ्यांसमोर येतात. पूर्वी हे गाव पापडीसाठी प्रसिद्ध होते. सुरती उंधियूला कतारगामचीच पापडी हवी, असा खवय्यांचा आग्रह असे. गावाच्या वाटेवर, कतारगाम दरवाजाजवळ, इंग्रज आणि डच वखारवाल्यांची घुमटाकार थडगी आहेत. शाळेच्या सहलीत आम्हाला ती दाखवीत व त्यांच्या व्यापाराची माहिती सांगत. पण शेतात वाकून पापडी तोडणारी माणसे कोण, याची माहिती कोणी सांगितली नाही. लोक त्यांना ‘दुबळा’ म्हणत. खानदेशातून आलेल्या माग-कामगारांची मुले माझ्या वर्गात होती, दुबळ्यांचे मूल एकही नव्हते. याचे कारण मला पुढे इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर समजले.

हाली म्हणजे कोण?

दक्षिण गुजरातेत अनाविल ब्राह्मण आणि पाटीदार हे मोठे जमीनमालक. त्यांच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारा दुबळा शेतमजूर म्हणजे ‘हाली’. शब्द ‘हळ’ म्हणजे नांगर यावरून आला. दुबळा तरुणाचे लग्न ठरले की खर्चासाठी मालकाकडून, म्हणजे ‘धणियामो’कडून, कर्ज घ्यावे लागे. त्या दिवसापासून तो त्याचा हाली. धान्य, कामाच्या दिवशी जेवण, वर्षाकाठी थोडे कपडे आणि झोपडीपुरती जागा एवढे त्याला मिळे. बायको मालकाच्या घरी शेण काढणे, झाडलोट, पाणी भरणे ही कामे करी. मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की मालकाची गुरे राखावयास जाई.

आपल्याकडील सालगड्याशी तुलना केली तर फरक ध्यानात येईल. सालगड्याचा करार वर्षाचा असतो. साल संपले की हिशेब होतो, पटले नाही तर तो दुसरा मालक शोधतो. हालीच्या कराराला वर्षअखेर नव्हती. कर्ज फिटावे अशी अपेक्षा दोन्ही पक्षांची नसे. आजारपण, मरण, सण या प्रत्येक वेळी त्यात भर पडे. मुलाच्या लग्नासाठी मुलगा त्याच दारात उभा राही, आणि चक्र पुन्हा सुरू होई. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६२-६३ साली या भागातील खेड्यांत राहून या प्रथेचा अभ्यास केला. मालकाचे संरक्षण आणि मालकाकडून होणारे शोषण या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या, असे त्यांनी दाखवून दिले.

येथे कोणी विचारील की, इंग्रजी राज्यात गुलामगिरी बेकायदा नव्हती काय? होती. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकी हक्क न्यायालयांनी मानू नये असे ठरले. १८६० च्या दंडसंहितेत माणसांची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला. परंतु हालीला कोणी विकत घेतले नव्हते. त्याने ‘कर्ज’ घेतले होते. गुलामी कर्जाच्या वहीत जाऊन बसली आणि कायद्याला दिसेनाशी झाली. ही वही लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचनात ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

दूरचे आणि जवळचे दाखले

मुक्तांच्या शाळांचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथील अनेक दक्षिणी राज्यांत गुलामाला लिहिणे-वाचणे शिकविणे हा गुन्हा होता. यादवी युद्ध पेटताच १८६१ साली व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे मेरी पीक या कृष्णवर्णीय शिक्षिकेने निर्वासित गुलामांच्या मुलांना शिकविण्यास आरंभ केला. पहिले वर्ग एका ओक वृक्षाखाली भरले, असे सांगतात. युद्ध संपता संपता, १८६५ मध्ये, सरकारने मुक्तांसाठी खास खाते स्थापन केले. १८७२ पर्यंत चाललेल्या या खात्याने मिशनरी संस्थांच्या मदतीने गावोगाव शाळा उभ्या केल्या. आजे आणि नातवंडे एका बाकावर बसून मुळाक्षरे गिरवू लागली. पण जमीन मिळाली नाही. मुक्त झालेला माणूस जुन्याच मालकाची जमीन वाट्याने करू लागला आणि दुकानदाराच्या उधारीत सापडला. तेथेही वही आलीच.

या घटनांचे पडसाद पुण्यात उमटले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सत्पुरुषांना अर्पण केला. दिवसभर कष्ट करणाऱ्यांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५ मध्येच रात्रीची शाळा काढली होती. राबणारा माणूस शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळेने आपली वेळ बदलावी, हा विचार त्यात आहे.

नाशिकचा शरणपूर रस्ता पुष्कळांना ठाऊक असेल. १८५४ च्या सुमारास विल्यम प्राइस या मिशनऱ्याने तेथे शरणपूर ही वसाहत वसविली. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून सोडविलेली आफ्रिकन मुले पुढे तेथे आणली जाऊ लागली. त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. यांतील काही तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या आफ्रिकेतील प्रवासात सामील झाले. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह सेवकांनी कित्येक महिने चालून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचविला. नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट त्यांच्यात होता, आणि लंडनमधील अंत्यविधीत त्याने शवपेटीला खांदा दिला. १८७५ च्या सुमारास शरणपूरचे पुष्कळ आफ्रिकन मोंबासाजवळ स्थापन झालेल्या फ्रेअरटाउन वसाहतीत गेले. ही मुले मालकाच्या मुलखापासून हजारो मैल दूर होती. पोट आणि निवारा यांची सोय शाळेनेच केली होती, म्हणून ती शाळेत टिकली. हालीचे मूल मालकाच्या दारातच राहत होते. त्याची गोष्ट निराळी.

सरभोण, वेडछी आणि बारडोली

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गांधीजींचे सहकारी बारडोली तालुक्यात कामाला लागले. नरहरी परीख यांनी सरभोण येथे दुबळ्यांसाठी रात्रशाळा चालविली. वाचकांना वाटेल, रात्री दोन अक्षरे शिकविण्याला कोण हरकत घेणार? पण पाटीदार जमीनमालकांनी कडक विरोध केला, आणि परीखांना उपवासापर्यंत जावे लागले. विशेष म्हणजे हेच पाटीदार सरकारविरुद्धच्या लढ्यात काँग्रेसचे खंदे पाठीराखे होते. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात त्यांनी जप्त्या सोसल्या. सरकारशी लढणारा शेतकरी आपल्याच हालीच्या पाटीला घाबरला, याचा अर्थ काय? मला वाटते, मालकाला शाळेचे मर्म शिक्षकाइतकेच कळले होते. ज्याला आकडे वाचता येतात तो एक ना एक दिवस वही दाखवा म्हणेल, हे त्याने ओळखले होते.

वेडछी येथे चुनीलाल मेहता आणि जुगतराम दवे यांनी आश्रम उभारला. वेडछी तेव्हा सुरत जिल्ह्यात होते, २००७ पासून तापी जिल्ह्यात आहे. सूतकताई, शेती, सफाई आणि अक्षरज्ञान यांची सांगड घालणाऱ्या शिक्षणाचा तेथून प्रसार झाला. जुगतराम दवे यांनी १९८५ मध्ये देह ठेवीपर्यंत आपले आयुष्य या कामाला दिले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. हरिपुरा हे याच भागातले गाव. त्यानंतर वल्लभभाई पटेलांच्या पुढाकाराने मालकांशी बोलणी झाली आणि २६ जानेवारी १९३९ रोजी बारडोलीत हाली मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. गांधीजींचा मुक्काम तेव्हा बारडोलीतच होता. दुबळ्याला ‘हळपती’, म्हणजे नांगराचा धनी, हे नवे नाव गांधीजींनीच दिले. नाव सुंदर होते, पण नांगर आणि जमीन दोन्ही दुसऱ्याचीच राहिली. ठरलेली मजुरी देण्याचे आश्वासन फार दिवस पाळले गेले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारला हाली मजुरांच्या चौकशीसाठी दांतवाला आणि देसाई या अर्थशास्त्रज्ञांची समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९४८ चा आहे. नऊ वर्षांपूर्वी मुक्त झालेल्यांची चौकशी करावी लागते, यातच सर्व आले.

१९४६ साली हळपती सेवा संघ स्थापन झाला आणि त्याने आश्रमशाळा काढल्या. आश्रमशाळा म्हणजे निवासी शाळा. मूल घरी राहिले तर सकाळी गुरांमागे जाते, किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते. म्हणून त्याला शाळेतच ठेवावे, जेवू घालावे आणि शिकवावे, ही त्यामागील कल्पना होती.

या प्रयत्नांचे फळ काय मिळाले? येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. वेडछी परिसरात चौधरी हा आदिवासी समाजही आहे. त्यांच्याकडे थोडीफार का होईना, स्वतःची जमीन होती. त्यांची मुले शाळेत टिकली, शिक्षक झाली, नोकऱ्यांत गेली. हळपतीकडे जमीन नव्हती, आणि मुलाच्या हातची मजुरी सोडणे त्याला परवडत नव्हते. आश्रमशाळांतून जी मुले बाहेर पडली ती पुढे गेली, पण एकंदर समाज मागेच राहिला. पाटी एकच, शिक्षकांची तळमळही एकच, पण परिणाम निराळा. यावरून शाळा व्यर्थ ठरते असे नाही. शाळेला पायाखाली काहीतरी लागते, एवढे मात्र ठरते.

लग्नगडी आणि कुरणशाळा

सुरतेहून गाडीने दक्षिणेकडे निघाले की दोनेक तासांत डहाणू येते. पूर्वी हा ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा आहे. राज्य बदलते, भाषा बदलते, पण गोष्ट तीच. येथील वारली लग्नासाठी सावकाराचे कर्ज घेई आणि नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. शब्दातच सारा करार आला.

१९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध उठाव केला. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी सभा झाली. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन माणसे मेली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. येथे मुक्ती समारंभाने जाहीर झाली नाही. गड्यांनी ती स्वतः घेतली, म्हणून ती अधिक टिकली, असे माझे मत आहे.

योगायोग असा की, त्याच १९४५ साली त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डी येथे, ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांच्या सान्निध्यात गेले. शाळा बांधली, तरी मुले येईनात. अनुताईंनी मुलांना किंवा आईबापांना दोष दिला नाही. मुले कोठे असतात, हे त्यांनी पाहिले. काही गुरांमागे कुरणात होती. म्हणून शिक्षक कुरणात गेला, आणि ‘कुरणशाळा’ जन्माला आली. काही मुली भावंडे सांभाळीत होत्या. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. ‘विकासवाडी’ असे त्या योजनेचे नाव. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात.

रात्रशाळेने वेळ बदलली, आश्रमशाळेने मुलाचे घर बदलले, आणि कुरणशाळेने शाळेची जागाच बदलली. अध्यापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या तीन पद्धती एकमेकींशेजारी ठेवून अभ्यासाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते.

कायदा आला, उचल राहिली

ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. वेठबिगारीचे कर्ज त्याने रद्द ठरविले, आणि मुक्त मजुराला राहत्या जागेवरून हुसकता येणार नाही असेही सांगितले. कायद्यात देशभरातील प्रथांची नावे दिली आहेत. त्यांत सुरतेचा ‘हाली’ आहे आणि कर्नाटकातील ‘जीत’ही आहे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

कायदा झाल्यावरही लढावे लागले. वसई भागात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांना सोडविण्याचे काम हाती घेतले, आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. सुटलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जाऊ लागली, तेव्हा मुलांची शाळा पुन्हा बुडाली. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला तेथे ‘भोंगा’ म्हणतात. त्यावरून भट्टीवर भरणाऱ्या वर्गांना ‘भोंगाशाळा’ हे नाव पडले. कुरणशाळेचीच ही पुढची पिढी.

आता बारडोलीची आजची स्थिती पाहा. ज्या तालुक्यात हाली मुक्त झाले, तेथे पुढे सहकारी साखर कारखाने आले. ऊसतोडीला कारखान्यांनी स्थानिक हळपती न घेता बाहेरून टोळ्या आणल्या. त्या कोठून? आपल्याच खानदेशातून, धुळे-नंदुरबारकडून. पावसाळ्यात घरी धान्य संपलेले असते, तेव्हा मुकादम ‘उचल’ देतो, आणि दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुलांसह बारडोलीला येतो. उन्हाळ्यात परत जाताना उचल फिटली नसेल तर ती पुढच्या सालावर चढते.

काही वर्षांपूर्वी मी तेथील एका फडात गेलो होतो. माझे मराठी ऐकून एक मध्यमवयीन तोडकरी बोलू लागला. उचल किती घेतली आणि किती फिटली, असे मी विचारले. तो म्हणाला, “ते मुकादमच्या वहीत आहे.” मी म्हटले, तुम्ही वही पाहिली आहे का? तो हसला आणि म्हणाला, “दादा, पाहून काय करू?” त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा शेजारी मोळ्या बांधीत होता. गावच्या शाळेत त्याचे नाव होते, आणि तेथे तो त्या दिवशी गैरहजर होता. बारडोलीजवळची शाळा गुजराती माध्यमाची, आणि याच्या घरी भिलीची एक बोली. कागदावर त्याला शिक्षणाचा हक्क होता. २००९ च्या कायद्याने तो सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला दिलेला आहे. पण नाव ज्या शाळेत आहे तेथे मूल नाही, आणि मूल जेथे आहे तेथे शाळा नाही. महाराष्ट्रात काही कारखान्यांवर साखरशाळा चालविल्या गेल्या, त्या याच कारणासाठी.

आपण काय करू शकतो?

वरील विवेचनातून मला तीन गोष्टी निष्पन्न झालेल्या दिसतात. पहिली, मुक्तांची शाळा वेळ, जागा आणि भाषा या तिन्ही बाबतींत मुलाकडे चालत गेली पाहिजे. दुसरी, शाळेला भाकरीची जोड हवी. मूल शिकते त्या काळात त्याच्या मजुरीची तूट कोणी तरी भरून काढली पाहिजे, नाही तर वेडछीच्या चौधऱ्याचे मूल पुढे जाईल आणि हळपतीचे मागे राहील. तिसरी, प्रौढांनाही शिकविले पाहिजे, आणि ते कवितेपासून नव्हे, हिशेबापासून. उचल, वजावट, शिल्लक हे तीन शब्द आणि त्यापुढचे आकडे ज्याला वाचता येतात, त्याला फसविणे कठीण जाते. सरभोणच्या मालकांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

आपला सीमाभागही उसाचाच आहे. गळिताच्या हंगामात बीड आणि विजयपूरकडच्या टोळ्या आपल्या रस्त्याकडेच्या शिवारात उतरतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी या वर्षी एक काम हाती घ्यावे. महाविद्यालयाच्या आसपासच्या टोळ्यांत शाळेच्या वयाची किती मुले आहेत आणि कोणाचे नाव कोठल्या शाळेत आहे, याची यादी करावी. मराठी आणि कन्नड बोलणारे दोन-दोन विद्यार्थी बरोबर गेले तर भाषेची अडचण राहणार नाही. यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, आणि संध्याकाळी तासभर पालावर बसून इच्छा असेल त्याला उचलीचा हिशेब मांडावयास शिकवावे. यासाठी इमारत, देणगी वा उद्घाटन यांपैकी कशाचीही गरज नाही. एक कंदील, एक पाटी आणि हंगामभर टिकेल एवढी चिकाटी पुरे आहे. ज्यांना हे करण्याची इच्छा असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मला इतिहास विभागात येऊन भेटावे.